पार्सीयेमचे गाल

पार्सीयेमचे गाल फुगले तेव्हा सगळ्या सुंबरजेरुक गावाने तिचं कौतुक केलं. त्यात मीही होते. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते, पण तेव्हा सगळ्यांच्या आधी मीच म्हणाले होते, "काय गं यू, लॉटरी लागली की काय?"

यू म्हणजे थोरली बहीण. ती माझी नात्याने कोणी नव्हे. पण रोज सकाळी साडेसातला जी बाई तुम्हाला कडू पाजते आणि तुम्ही मुकाट्याने पिता, तिला दुसरं काय म्हणणार? माझं नाव विनार्ती. सरकारी दवाखान्याच्या फाटकाला लागून माझी टपरी आहे. उकडलेला पाला, त्यावर शेंगदाण्याची तिखट चटणी आणि भात. आजारी माणसं आत जाताना माझ्याकडे ढुंकून बघत नाहीत, बाहेर येताना मात्र जेवूनच जातात. त्यामुळे गावात कोणाला काय झालंय हे डॉक्टरांच्या खालोखाल मला ठाऊक असतं, आणि माझ्या पोटात काही राहत नाही.

जावा बेटावर, लावू डोंगराच्या आमच्या अंगाला, माणसाचं बरं चाललंय की वाईट हे लोक गालांवरून ओळखतात. गाल भरले म्हणजे नवरा सुधारला, सून ऐकते, भात पिकला. गाल बसले की आवाज खाली करून विचारतात, "घरी सगळं ठीक ना?" पार्सीयेमला हा प्रश्न चोपन्न वर्षांची होईपर्यंत लोक विचारत आले होते. वाळक्या शेंगेसारखी बाई. पाठीवर वेताची टोपली, टोपलीत आठ बाटल्या, सगळं ओझं पट्ट्यापट्ट्यांच्या शेल्याने छातीशी गाठ मारून बांधलेलं, आणि हातात पेले विसळायची बादली. बाटल्यांत जामू, म्हणजे आमचे काढे. हळद-चिंचेचा, तांदूळ-आल्याचा आणि एका बाटलीत गुळवेलीचा कडूजहर. रीत अशी की आधी कडूचा पेला, मग गोडाचा. कडू पिऊन कोणी उठून जात नाही. गोड हातात पडेपर्यंत राजासुद्धा तोंड वाकडं करून बसून राहतो.

आणि तिची हाक. चढावरच्या शेवटच्या फाटकाशी उभी राहून ती "जाऽऽमू" म्हणून ओरडायची, ती एका दमातली हाक उतारावरून घरंगळत खाली माझ्या टपरीपर्यंत यायची. मी त्या हाकेवर तांदूळ चुलीवर चढवायचे.

दोन वर्षांपूर्वी ती हाक तुटायला लागली. आधी दोन तुकडे झाले, मग तीन. मधे शिट्टीसारखा आवाज. आमच्याकडे कुठलाही आजार झाला तरी निदान एकच, अंगात वारा शिरला. त्यावर उपायही एकच. तेल लावायचं आणि जुन्या नाण्याच्या कडेने पाठ खरवडायची, लाल पट्टे उमटले की वारा निघाला. मी तिची पाठ इतकी खरवडली की ती मागून वाघीण दिसायची. पण हिचा वारा निघायला तयारच नव्हता. आत जायचा तो सुखाने जायचा, बाहेर येताना मात्र दारात अडकायचा.

"यू, दवाखाना दहा पावलांवर आहे," मी म्हणायचे.

"आणि तुझी टपरी पाच पावलांवर," ती म्हणायची. "मी आत गेले की भात शिजायच्या आत गावभर होईल. जामूवालीला दमा! कोण पिईल मग माझ्या हातचं?"

दिव्याखाली अंधार असतो हे खरं, पण दिवा विकणाऱ्याने तो दाखवत फिरायचं नसतं.

मग गोंदो आला. बाजाराच्या दिवशी मोटारसायकलवर दोन खोकी बांधून फिरणारा माणूस, केसाला तेल, दातात काडी. त्याच्याकडे कागदी पुड्या होत्या, वर छाती फुगवलेल्या पहिलवानाचं चित्र. "दम्याची पूड. शंभर टक्के मुळ्या, ताई," असं तो म्हणाला. पार्सीयेमने एक पुडी पाण्यात घेतली आणि दुसऱ्या सकाळी तिची हाक अख्खी आली. मी हातातला पळा खाली ठेवून रस्त्यावर आले, इतकी ती स्वच्छ होती.

त्यानंतर सात महिने बाई बहरली. भूक लागायला लागली, झोप लागायला लागली, गाल वर आले, मग इतके वर आले की डोळे बारीक झाले. चेहरा पौर्णिमेचा. लोक म्हणाले, बघा, हिचे काढे हिलाच कसे मानवले. खप दुप्पट झाला. दम्याने धापणाऱ्या माणसांना ती बाजूला घेऊन पुडी द्यायची, "माझ्या घराण्याचं औषध" म्हणून. एकूण नऊ घरी. ही घरं फक्त तिला ठाऊक होती.

गालांचं कौतुक न करणारी एकच व्यक्ती गावात निघाली. ती म्हणजे दवाखान्यात नव्याने आलेली डॉक्टर हापसारी, एकोणतीस वर्षांची, चष्मा नाकावर घसरलेला, रोज माझ्या बाकावर बसून तांदूळ-आल्याचा पेला पिणारी. एके दिवशी पेला घेताना तिची नजर पार्सीयेमच्या मनगटावर गेली. तिथे जांभळे डाग होते.

"हे कशानं, बू?" डॉक्टरने विचारलं. आमच्यात मोठ्या किंवा मानाच्या बाईला बू म्हणतात, आईला म्हणतात तसं.

"टोपली घासते, बू डॉक्टर."

"आणि चेहरा?"

"देवाची कृपा."

"देव एवढ्या पटकन गाल देत नाही. काय घेताय तुम्ही?"

"मुळ्या!" पार्सीयेम ताठ झाली. "एकतीस वर्षं माझ्या बाटलीत मुळ्यांशिवाय काही गेलेलं नाही."

ते खरं होतं. बाटलीत गेलेलंच नव्हतं. पुड्या टोपलीच्या तळाशी, केळीच्या पानाखाली होत्या, आणि हे मला माहीत होतं, कारण मला सगळं माहीत असतं. मी पुढे झाले, पान उचललं आणि पुडी काढून डॉक्टरच्या हातात दिली. पार्सीयेमने माझ्याकडे जे पाहिलं ते मी अजून विसरलेले नाही. नंतर चार दिवस तिने मला कडू दिलं आणि गोड न देता पुढे गेली.

पाचव्या दिवशी डॉक्टरने तिला आत बोलावलं. मीही घुसले. जिल्ह्याच्या कार्यालयाने तपासलेल्या औषधांची यादी आली होती, त्यात आमचा पहिलवान छाती फुगवून उभा होता. पुडीत हळद होती, थोडी पिठी होती, आणि भरपूर स्टेरॉइड. गोंदो तर यादीच्या आधीच पसार झाला होता.

"बू, नीट ऐका," डॉक्टर म्हणाली. "हे वाईट आहे, पण एकदम सोडायचं नाही. मी याच औषधाच्या मोजून गोळ्या देते, त्या हळूहळू कमी करायच्या."

पार्सीयेमने हो हो म्हटलं, नमस्कार केला, घरी गेली आणि नेमकं उलटं केलं.

आता दुसऱ्या कुठल्या मुलखातली बाई असती तर रडली असती, नाहीतर डॉक्टरशी भांडली असती. आमची जावानीज बाई पाप झालं असं वाटलं की पांढरा उपास धरते. फक्त पांढरा भात आणि पाणी. भाजी नाही, साखर नाही, मीठसुद्धा नाही. अंग आतून धुऊन निघतं म्हणे. पार्सीयेमने उरलेल्या सगळ्या पुड्या नदीत सोडल्या, डॉक्टरच्या गोळ्याही त्यांच्या मागे सोडल्या, कारण औषध तेच आहे असं डॉक्टरनेच सांगितलं होतं, आणि तीन दिवस पांढरा उपास धरला.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, हलकं वाटतंय. दुसऱ्या दिवशी उलट्या झाल्या, तर म्हणाली, पाप निघतंय. तिसऱ्या दिवशी पाप माझ्या टपरीसमोर आडवं झालं. बाटल्या फुटल्या, हळद-चिंचेचा ओहोळ दवाखान्याच्या पायरीपर्यंत गेला, आणि तिचा चेहरा त्या सगळ्या पिवळ्यात राखेसारखा दिसत होता. छातीत शिट्ट्या, हात थंडगार. तिचा श्वास बाहेर निघेना. मी तिला "यू, यू" म्हणून हाका मारत होते आणि मनात म्हणत होते, मेली तर हिला मी मारलं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, इथेच सांगते.

डॉक्टरने सुई लावली, सलाईन लावलं, वाफ दिली आणि गाडीत घालून जिल्ह्याला नेलं. पाच दिवसांनी ती परत आली. दवाखान्याच्या खाटेवर बसून तिने पहिल्यांदा विचारलं, "मला नक्की झालं काय?"

डॉक्टर हापसारी खाटेच्या कडेला बसली. चष्मा वर ढकलला.

"तुमच्याकडे लग्न असलं की शेजारच्या बायका स्वयंपाकाला येतात ना?"

"येतात! एकीला बोलवा, दहा येतात," मी म्हणाले. "कांदा चिरायला आल्या की तीन दिवस हलत नाहीत."

"तसंच. श्वासाच्या नळीच्या आतल्या कातडीत काही पेशी पहाऱ्याला असतात. दम्याच्या माणसात त्या पेशी जरा घाबरट. धूळ आली, धूर आला की लगेच आमंत्रणं पाठवतात. आमंत्रणं म्हणजे रसायनं. ती वाचून रक्तातून पांढऱ्या पेशी धावत येतात, आणि आलेल्याही स्वतः आणखी आमंत्रणं लिहायला बसतात. कातडी सुजते, कफ साचतो. घर बायकांनी भरलं तर दारातून वारा जाणार कुठून?"

"माझ्याच छातीत लग्न," पार्सीयेम म्हणाली, "आणि मला पत्ता नाही."

"धाप लागली की घ्यायचा तो निळा फवारा मारला की दार तेवढं रुंद होतं, चार-सहा तास. बायका आतच असतात. स्टेरॉइडचं काम वेगळं. ते थेट पेशीच्या आत जातं, जिथं आमंत्रणं लिहितात तिथं, आणि लिहिणारीच्या हातातली लेखणी काढून घेतं. नवीन आमंत्रणं बंद. मग आलेल्या बायका एकेक करून निघतात. सूज उतरते. त्याला दिवस लागतात, आठवडे लागतात."

पार्सीयेम निरक्षर असली तरी बुद्धू नव्हती. "म्हणजे गोंदोची पूडही हेच करत होती."

"हेच. म्हणून तर बरं वाटलं तुम्हाला. पण ती पोटातून रक्तात गेली, आणि रक्तातून गावभर. गावातल्या झाडून सगळ्या लेखण्या जप्त. जखम झाली, जंतू आला, तिथंही आमंत्रणं लागतात, तीही बंद. साखर वाढली, कातडी पातळ झाली, चरबी गालांवर चढली. आणि मूत्रपिंडाच्या डोक्यावर एक इवलीशी ग्रंथी आहे, ती हेच औषध रोज थोडं थोडं स्वतः बनवते. बाहेरून आयतं मिळतंय म्हटल्यावर ती सात महिने झोपली. तुम्ही पूड नदीत टाकलीत, वर मीठही सोडलंत. ती उठायच्या आत तुम्ही पडलात."

"आयतं मिळालं की झोपायचं," पार्सीयेम म्हणाली. "ग्रंथी नव्हे, माझा नवरा आहे तो."

डॉक्टर हसली, मग हसायची थांबली. तिने तिला एक तपकिरी फवारा दिला. यातही स्टेरॉइडच, पण चिमूटभर आणि फक्त फुप्फुसापुरतं. सकाळ-संध्याकाळ घ्यायचं, बरं वाटलं तरी घ्यायचं, आणि नंतर साध्या पाण्याने चूळ भरायची. पार्सीयेमने पहिल्या दिवशी हळद-चिंचेने चूळ भरली आणि गिळलीसुद्धा. बाकी गोळ्या होत्या, दर आठवड्याला थोड्या कमी होणाऱ्या. शेवटी डॉक्टर मुद्द्यावर आली.

"बू, ही पूड आणखी कोणाकोणाला दिलीत?"

पार्सीयेम चादरीच्या सुरकुत्या सरळ करायला लागली.

"गोंदो पळालाय. त्यांच्या पुड्या आज-उद्या संपतील. मग तुमचं झालं तेच त्यांचं होईल, आणि ते काही सगळे माझ्या फाटकाशी येऊन पडणार नाहीत. मी दारोदार विचारलं. कोणी कबूल होत नाही."

"कसे होतील? मीच शपथ घातलीय, कोणाला सांगायचं नाही म्हणून." मग ती माझ्याकडे वळली. किती दिवसांनी नीट वळली. "विन, माझ्या नाकाला कळलं होतं. त्या पुडीत मुळी नव्हती. एकतीस वर्षांचं नाक आहे हे. पण छातीला बरं वाटत होतं म्हणून मी नाकाला गप्प बसवलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उसन्या बाटल्या टोपलीत घालून निघाली. पायांत जोर नव्हता, म्हणून बादली मी धरली आणि टपरी नवऱ्यावर सोडली. त्या दिवशीची चटणी लोकांनी कशी गिळली देव जाणे.

कबुलीसाठी तिने जी युक्ती काढली ती फक्त जामूवालीलाच सुचेल. ती दारात बसायची, नेहमीसारखा गुळवेलीचा पेला भरायची, आणि माणसाने तो घशाखाली उतरवला, तोंडाचा पार चोथा झाला, की गोडाचा पेला स्वतःच्या हातात घट्ट धरून सगळं सांगायची. पूड माझी नव्हती. मुळ्या नव्हत्या. फसवलं. आता एकदम सोडू नका, आजच्या आज दवाखान्यात जा. समोरचा शिव्या द्यायला तोंड उघडायचा, पण जीभ आखडलेली, आणि गोड तिच्या हातात. जाणार कुठे? गोड मिळेपर्यंत राग निम्मा उतरायचा. एका बाईने गोड पिऊन झाल्यावर पेला तिच्या अंगावर फेकला, पण गेली ती दवाखान्यातच. दोन दिवसांत आठ घरं झाली.

नववं घर चढावरच्या शेवटच्या फाटकातलं. म्बाह सादिमिन, म्बाह म्हणजे आजोबा, वय एकाहत्तर, आमच्या गावच्या वाद्यवृंदात मोठा गोंग, म्हणजे टांगलेली काशाची थाळी, वाजवणारे. गोंगवाल्याचं काम बघायला सोपं. बाकीचे घामाघूम होऊन वाजवत असतात तेव्हा हा नुसता बसलेला असतो, आणि फेरा पुरा झाला की एकदाच मारतो. पण तो एक चुकला तर सगळ्यांचं घर कोसळतं. सादिमिन चाळीस वर्षांत चुकले नव्हते. दम्याने त्यांना चार वर्षं घरी बसवलं होतं, आणि पार्सीयेमच्या पुडीने पाच महिन्यांपूर्वी परत गोंगापाशी नेऊन बसवलं होतं.

त्यांनी कडू प्यायलं, ऐकलं, आणि गोडासाठी थांबले नाहीत. उठले, आत गेले आणि दार लावलं.

"म्बाह, गोळ्या तरी घ्या!"

"एकवीस वर्षं मुळ्या पाजल्यास, मी खोकत राहिलो," ते आतून म्हणाले. "पाच महिने बरा झालो तर म्हणतेस, ते विष. एक तर गोंदोची पूड आण, नाहीतर काही आणू नकोस. त्या डॉक्टर पोरीला सांग, मला शिकवू नकोस."

त्यांची पूड कालच संपली होती. संध्याकाळी डॉक्टर स्वतः गेली, तिलाही फाटकातून वाटेला लावलं. तिने गोळ्यांची पट्टी पार्सीयेमच्या मुठीत दिली. "तुम्हीच द्या. माझ्यापेक्षा तुमचं ऐकतील." पार्सीयेमने बोटं मोजली. ती स्वतः तिसऱ्या दिवशी पडली होती. तीही चोपन्नाची. हे एकाहत्तरचे.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं नाही. तिसरा दिवस रविवार, सकाळी सभागृहाच्या मांडवात तालीम. सादिमिन आले होते, भिंत धरत धरत. पार्सीयेम आणि मी टोपली घेऊन खांबाशी बसलो. वादन सुरू झालं, फेरा फिरत गेला, शेवटाला आला, सगळ्यांनी हात सैल केले आणि गोंगाची वाट पाहिली.

गोंग वाजलाच नाही.

सगळे थांबले. म्हातारा गोंगाशेजारी खुर्चीत बसला होता, काठी मांडीवर पडलेली, कपाळाला घाम, चेहरा राखेसारखा. तो रंग मी नऊ-दहा दिवसांपूर्वी पाहिला होता. पार्सीयेम टोपली घेऊन उठली. मोठ्या माणसांसमोरून जाताना वाकतात तशी वाकून, वाद्यांच्या मधून, ती त्यांच्यापर्यंत गेली, डॉक्टरची गोळी पुढे धरली आणि कडूचा पेला भरला.

"नको," म्हातारा म्हणाला. "तुझं काहीच नको. कळलंय मला सगळं. त्या विननं गावभर केलंय."

"विनला जे माहीत नाही ते सांगायचंय."

मी कान टवकारले.

"एकवीस वर्षं मी तुम्हाला दम्याचा काढा पाजतेय," पार्सीयेम म्हणाली. आवाज बारीक होता, पण मांडवात पाल हलली असती तरी ऐकू आलं असतं. "त्यानं तुमचा दमा एक दिवससुद्धा कमी झाला नाही. मला दिसत होतं. माझा स्वतःचाही झाला नाही. तरी मी रोज आले आणि रोज पाजला."

मांडवात चौदा वाजवणारे होते, त्यांच्या बायका होत्या, चहावाली होती. त्यातलं प्रत्येक तोंड तिच्या हातचं प्यायलेलं. एकतीस वर्षांचा धंदा तिने स्वतःच्या हाताने त्या फरशीवर ओतला. मला उठून तिचं तोंड दाबावंसं वाटलं. मी, जिला पोटात काही ठेवता येत नाही!

"मग मी एकवीस वर्षं काय प्यालो?" सादिमिननी विचारलं.

"कडू पाणी. आणि वर गोड."

"आणि हे तुला आज सुचलं. तालमीच्या मधे."

"उद्या तुम्ही नसलात तर कोणाला सांगू?"

म्हाताऱ्याने डोळे मिटले. मग त्याने हात पुढे केला, पेल्याकडे नाही, गोळीकडे. पण पाणी आणेपर्यंत थांबतंय कोण? तिने कडूचाच पेला दिला. त्याने त्यातून गोळी गिळली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "आता गोड दे, मेले."

मृदंगवाल्या दोघांनी त्याला खुर्चीसकट उचलून दवाखान्यात नेलं.

ते वाचले. आठ दिवस जिल्ह्याला होते, मग गोळ्या, मग तपकिरी फवारा. डॉक्टरकडे एक नळी आहे, तिच्यात जोरात फुंकलं की काटा पुढे सरकतो. पार्सीयेमचा काटा आधी एकशेतीसवर धापा टाकत थांबायचा, दीड महिन्यात दोनशे नव्वदवर गेला. लग्नाची गर्दी ओसरली होती. गालही ओसरले, आणि गावाने लगेच आवाज खाली करून विचारायला सुरुवात केली, "घरी सगळं ठीक ना?" गिऱ्हाइकं निम्मी झाली. काही म्हणायची, खोटारडी आहे. काही म्हणायची, खरं बोलून गेली, आता पिण्यात मजा नाही. मला या दुसऱ्यांचा जास्त राग आला.

तरी ती रोज टोपली बांधून निघायची. फक्त हाक देत नव्हती. गल्लीतून चोरासारखी जायची, कोणी दिसलं तर पेला भरायची, नाही दिसलं तर पुढे. मला तांदूळ कधी चढवायचे कळेना. दोनदा भात करपला.

एके सकाळी चढावर काय झालं ते मला सादिमिननीच नंतर सांगितलं. दोन दिवस ती त्यांच्या फाटकावरून न ओरडता निघून गेली होती. तिसऱ्या दिवशी ते काठी घेऊन रस्त्यातच उभे राहिले.

"ए पार्सीयेम! मुकी झालीस काय? मी काय रोज फाटकाला कान लावून बसू?"

"कुठल्या तोंडानं ओरडू, म्बाह?"

"तोंड तुझं पूर्वीपासून आहे तसंच आहे. दम नव्हता, तो आता आहे. त्या डॉक्टर पोरीनं मला आकडा सांगितलाय, दोनशे नव्वद. माझे दोनशे दहाच आहेत. ओरड!"

"माझ्या काढ्यानं तुमचा दमा—"

"दम्याला फवारा आहे. गोड दिल्याशिवाय माझी सकाळ होत नाही, त्याला फवारा आहे का? ओरड म्हणतो ना."

मी त्या वेळी खाली शेंगदाणे वाटत होते. हाक आली. चढावरच्या शेवटच्या फाटकाशी निघाली, उतारावरच्या सगळ्या दारांवरून, तिला बोल लावणाऱ्या सगळ्या खिडक्यांवरून खाली आली आणि माझ्या टपरीपर्यंत पोचली. मधे कुठे तुटली नाही. मी डोळे पुसले, तिखट हातांनी पुसले म्हणून आणखीच वाहायला लागले, आणि तशीच उठून तांदूळ चढवले.